एक मण सात शेर

टेकचंदनं नवरीला दुसऱ्याच फेऱ्यात खाली ठेवलं आणि मांडवात हशा पिकला. तो काही वाईट हशा नव्हता. पंगत लांबली, पोटात कावळे ओरडायला लागले की लग्नघरातली माणसं कशालाही हसतात, त्यातलाच. टेकचंद स्वतःही हसला. कमरेवर हात ठेवून त्यानं चार धापा टाकल्या, ‘भाची मामाले भारी झाली गा’ असं काहीतरी म्हणाला, आणि भटजींनीही फार ताणून न धरता पुढचं म्हणायला घेतलं. नवरी उरलेला दीड फेरा स्वतःच्या पायांनी चालली. पदराखाली तिचा चेहरा दिसत नव्हता, पण हळदीनं पिवळे झालेले पाय दिसत होते, आणि ते इतके हळू, इतके चोरून पडत होते की बघणाऱ्याला अवघडल्यासारखं व्हावं. मनोहरलाल बघत होता आणि बाकीच्यांबरोबर हसतही होता. हसता हसता त्याची नजर पलीकडे बायकांत बसलेल्या तुलसावर गेली. तुलसा त्याची भाची, बहिणीची, धनवंताबाईची थोरली. ती हसत नव्हती. ती नवरीच्या पायांकडे बघत होती. मग तिनं मान वर केली आणि सरळ मामाकडे पाहिलं. आधी तोंडाकडे, मग कोटाच्या त्या दोन बटनांकडे, जी पोटावर कशीबशी तग धरून होती. एवढंच. पापणी लवायला लागेल तेवढाच वेळ. तिनं मान खाली घातली, आणि मनोहरलालच्या तोंडावरचं हसू तसंच राहून गेलं, कारण ते आता कसं आवरायचं हे त्याला सुचेना.

त्यांच्या समाजात नवरीला मामा उचलून आणायचा. घराच्या दारापासून मांडवापर्यंत, आणि मग मांडवाच्या मधल्या खांबाभोवती तीन फेरे. पाठीवर नाही, खांद्यावर नाही. दोन्ही हातांवर, पुढ्यात. ही रीत पूर्वजांसोबत माळव्यातून आली की इकडं वैनगंगेच्या बाजूला आल्यावर लागली, कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं. रीत सोपी होती, कारण नवरी सात-आठ वर्षांची असायची. मग सारडा कायदा आला. चौदाच्या आत पोरीचं लग्न लावलं तर दंड, वर तुरुंगाची भीती. तुलसाचा बाप झामसिंग कुडव्याचा चांगला खाऊनपिऊन सुखी कास्तकार, पण पोलिसाचं नाव काढलं की त्याला घाम फुटे. त्यानं पोरीला सोळावं लागेपर्यंत घरात ठेवलं. इतरांच्याही पोरी अशाच मोठ्या होऊ लागल्या. कायद्यानं नवरीचं वय वाढवलं, मामाच्या कमरेचा विचार काही केला नाही. रीत होती तिथंच राहिली आणि लग्नसराईत गावोगाव मामा लोकांची फजिती सुरू झाली. कुठं कुठं मामा नुसता हात धरून नवरीला आणू लागले, पण मग मांडवातल्या म्हाताऱ्या एकमेकींना ऐकू जाईल अशा बेतानं विचारायच्या, पोरीले मामा नाही काय. तुलसाचं लग्न अक्षयतृतीयेला ठरलं होतं. तिला मामा होता, एकच होता, आणि तो म्हणजे गोंदिया स्टेशनच्या मालधक्क्यावरचा मालबाबू मनोहरलाल, वय एकोणचाळीस.

मालधक्क्यावर मनोहरलालचं काम वजनाचं होतं. पोतं उचलायचं हमालांनी, तोलायचं काट्यानं, आणि लिहायचं मनोहरलालनं, खुर्चीत बसून. तांदूळ, मोहफूल, विडीची पानं, लाख, सगळं सतरा वर्षं त्याच्या समोरून गेलं होतं, आणि नजर अशी बसली होती की काटा थांबायच्या आत त्याच्या मनात आकडा उमटलेला असे. हमाल कधी मुद्दाम विचारायचे, बाबूजी, हे किती? तो पेन्सिल कानामागं लावत म्हणायचा, दोन मण अकरा शेर, आणि काटा मुकाट्यानं तेवढंच दाखवायचा. ही खोड त्याला माणसांच्या बाबतीतही लागली होती, आणि तिची त्याला लाज वाटायची. रस्त्यात भेटलेल्या ओळखीच्या माणसाची खुशाली विचारताना मनात कुणीतरी आकडा सांगून मोकळं व्हायचं. त्या दिवशी लग्नातून परत येताना त्यानं तो आवाज दाबून ठेवायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण स्टेशनचा सिग्नल दिसायला लागला तसा तो बोललाच. तुलसा, एक मण सात शेर. शालू आणि दागिने धरून आणखी दोन शेर. मनोहरलाल रस्त्यात थांबला. त्यानं दोन्ही हात पुढं करून पाहिले, कोपरात वाकवून, कुणी बघत नाही असं पाहून. कोटाच्या बाह्यांत ते हात त्याला दुसऱ्याच कुणाचे वाटले.

त्याच रात्री त्यानं बायकोला सांगून टाकलं की उद्यापासून आखाड्यात जायचं. सुमित्रानं ‘जा’ म्हटलं, ना कौतुक ना शंका, आणि सकाळी पाचला त्याला हलवलं. बाहेर माघातलं धुकं होतं. धुक्यात छाती भरते, आणि छाती भरली की कामावर खाडा, म्हणून तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की लंगोट नाही. शिंप्याकडं टाकला. लंगोट शिवून आला तो शुक्रवारी, आणि शनिवारी मारुतीचा वार म्हणून आखाड्यात गर्दी, नवख्या माणसानं गर्दीत जाऊन काय शोभा करून घ्यायची. मग वजनाचे काटे तपासायला वरचे साहेब येणार असल्याची तार आली; ते आले नाहीत, पण त्यांची वाट बघण्यात आठ दिवस गेले. मग गुडघा. गुडघा खरंच दुखायचा, हे मुद्दाम सांगितलं पाहिजे, कारण मनोहरलाल खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्याची सगळी कारणं खरी होती. धुकं खरं होतं, गुडघा खरा होता, साहेबांची तार खरी होती. पहाटे अंथरुणात डोळे मिटून पडलेला असताना ही खरी खरी कारणं त्याच्याभोवती गोळा होत आणि त्याला इतकं बरं वाटे, इतकं आपल्या माणसांत असल्यासारखं वाटे की परत झोप लागायची. एकदा तो डोळे मिटूनच म्हणाला, ‘भलती थंडी आहे वं आज.’ सुमित्रा परसातून आत आली होती, हात ओले होते तिचे. ‘मी भांडे घासून राहिली मघापासून,’ ती म्हणाली, ‘थंडी मले नाही विचारत येऊ का म्हणून.’ त्यानं कूस बदलली. भिंतीकडं तोंड करून पडला तरी तिचं बोलणं भिंतीवरून परत त्याच्याकडंच येत राहिलं.

शरीराशी त्याची ओळख तशी जुजबीच होती. लहानपणी एका पावसाळ्यात तो तापानं महिनाभर पडून होता, आणि त्यातून उठला तेव्हा बापानं ठरवून टाकलं की हा नांगराचा नाही, हा शाळेचा. गोंदियाला नातेवाइकांकडं ठेवून बापानं त्याला शिकवला. सुट्टीत तो घरी यायचा तेव्हा सगळं घर भाताच्या रोवणीला बांधीत उतरलेलं असायचं, गुडघाभर चिखलात, आणि बाप येणाऱ्या जाणाऱ्याला अभिमानानं सांगायचा की माह्या पोरानं चिखलात पाय नाही टाकला. तो पाळीवर उभा राहून बघायचा. धनवंता तेव्हा माहेरपणाला आलेली असली तर तीही रोवणीत असायची, त्याच्याहून दोनच वर्षांनी मोठी. ती वाकलेल्या कमरेनं वर बघून हात हलवायची, तोही हलवायचा. त्याला खाली उतरावंसं वाटायचं का? वाटायचं. चिखलात पाय कसा बुडतो, खाली थंड लागतं की ऊन, हे त्याला खरंच माहीत नव्हतं. पण बापाच्या बोलण्याला बट्टा कसा लावायचा? त्याचं पहिलं कारण ते असावं. तिथून पुढं शरीर म्हणजे डोकं घरातून मालधक्क्यावर आणि मालधक्क्यावरून घरी नेऊन पोचवणारी एक सोय झाली, आणि त्या सोयीनंही कुरकूर न करता हे पत्करलं. आता एकोणचाळिसाव्या वर्षी त्या शरीराला बोलवायचं म्हणजे काय नावानं हाक मारायची, इथून सुरुवात होती.

आणि एक कारण असं होतं की ते तो स्वतःलाही नीट सांगत नसे. बोडीच्या, म्हणजे गावातल्या लहान तळ्याच्या, पाळीवरच्या त्या आखाड्याचा उस्ताद होता बिसराम. हाच बिसराम मालधक्क्यावर हमालांचा मुकादम. दिवसभर मनोहरलाल खुर्चीतून त्याला सांगायचा, हे इकडं घे, ते तिकडं ठेव, आणि बिसराम ‘जी बाबूजी’ म्हणत अडीच मणांचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून चालत जायचा. पहाटे त्याच्यापुढं लंगोट लावून उभं राहायचं, आणि आखाड्याच्या शिस्तीप्रमाणं मातीला हात लावून त्याला ‘उस्ताद’ म्हणायचं, आणि मग दहा वाजता कोट घालून त्यालाच पोती मोजायला लावायची, हे कसं जमायचं? एक दिवस दुपारच्या सुट्टीत बिसरामच त्याच्या खुर्चीजवळ येऊन उकिडवा बसला. तंबाखू चोळत म्हणाला, ‘बाबूजी, शिंपी सांगे, लंगोट शिवून नेला तुमी.’

मनोहरलाल कागद चाळू लागला. ‘हो. नेला.’

‘मंग येऊन काऊन नाही राहिले?’

‘गुडघा दुखते रे बिसराम. दमबी लागते.’

‘दम लागते त यावं लागते. ज्याले दम लागत नाही थो कायले येईल?’

‘आणि इथलं काम. साहेब येऊन राहिले म्हणते.’

बिसरामनं तंबाखू ओठात ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर चिडवणं नव्हतं. ‘मले नोका सांगू कारणं,’ तो म्हणाला. ‘मी काई तुमचा साहेब नाही. घेऊन या सोबत जेवढे आहेत तेवढे, पाळीवर ठेवा, अन जातानी घेऊन जा. कोनी नाही चोरत.’ तो उठून गेला. मनोहरलालला राग आला आणि तो राग संध्याकाळपर्यंत पुरला. रात्री जेवताना त्यानं ठरवलं, सोमवारपासून. सोमवार आला, गेला, दुसरा आला. फाल्गुन लागला, पळस फुलला, आणि लंगोट दोरीवर वाळून वाळून कडक झाला.

होळीनंतर तो कुडव्याला बहिणीकडं गेला. झामसिंग शेतावर होता. तुलसानं पाय धुवायला पाणी आणून दिलं, पिण्याचं दिलं, आणि ती वळून आत जायला लागली तेव्हा मनातला तो आवाज न विचारता बोलला. एक मण तीन शेर. मनोहरलाल चमकला. त्याची नजर चुकत नसे, पण माणूस पोतं नव्हे, चूक होऊ शकते; त्यानं तिला पुन्हा बघितलं. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. गळ्याजवळ हाडं दिसत होती. जेवायला तिनं त्याला वाढलं, भावंडांना वाढलं, आणि स्वतः मात्र ‘मंग जेवतो’ म्हणून चुलीपाशी बसून राहिली. जेवण झाल्यावर धनवंताबाई त्याला परसात घेऊन गेली, वाळत घातलेल्या मिरच्या दाखवायला म्हणून. मिरच्यांकडं तिनं बघितलंही नाही.

‘एकाच टायमाले जेवते,’ ती म्हणाली. ‘महिना झाला. रात्रीले पानी पिऊन झोपते. विचारलं त बोलत नाही, लय विचारलं त रडते.’

‘काऊन बाई?’

धनवंताबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं की त्याला उत्तर आधीच कळलं, तरी ते ऐकावं लागलंच. ‘म्हणते, टेकचंदमामाले लोक हासले. माह्या मामाजीले मी नाही हासू देणार कोनाले.’

मनोहरलालला एवढे दिवस वाटत होतं की त्या मांडवात तिनं त्याच्या बटनांकडं पाहिलं ते स्वतःच्या काळजीनं, आपल्यालाही असं पायांनी चालावं लागेल म्हणून. त्यात पोरीचं काही चूक नव्हतं, त्यानं मनोमन तिला माफसुद्धा करून टाकलं होतं. आणि ती तिथून घरी येऊन त्याच्यासाठी उपाशी राहिली होती. तो धुक्यात छाती भरते म्हणून पांघरूण ओढून घेत होता त्या पहाटे, गुडघ्याला तेल चोळत होता त्या पहाटे, ही पोरगी इथं रिकाम्या पोटी उठून झाडलोट करत होती, थोडी थोडी कमी होत होती. शरम वाटते म्हणजे नेमकं कुठं वाटते हे त्याला त्या दिवशी कळलं. ती कानांत वाटते. कान इतके तापले की त्यानं हात लावून पाहिले.

‘मनोहर,’ धनवंताबाई म्हणाली, आणि तिचा आवाज कडक नव्हता, तेच जास्त लागलं. ‘तुले जमत नसंल त सांग. हात धरून आन तिले. लोकं काय बोलायचं थे बोलतील, मी आयकून घेईन. मले आठ वर्षाची असतानी झोपेत उचलून आनलं मामानं, मले कळलंबी नाही माहं लग्न होऊन राहिलं म्हणून. हिले कळते सगळं. हिले उपाशी नोको मारू रे.’

झामसिंगनं परत सोडायला बैलगाडी जुंपायला सांगितली होती. मनोहरलाल ‘नको’ म्हणाला आणि पायी निघाला. कुडव्याहून घरापर्यंत वाटेत त्याला तीनदा बसावं लागलं. प्रत्येक वेळी बसताना मनात काहीतरी पुढं आलं, एवढ्या उन्हात, अशा वयात, आणि प्रत्येक वेळी उठताना त्यानं त्याला उत्तर दिलं नाही. उत्तर न देताही उठता येतं, ही गोष्ट त्याला नवीन होती. वाद जिंकल्याशिवाय पाय हलत नाहीत अशीच त्याची आजवरची समजूत होती, आणि तो वाद तर त्यानं आयुष्यात एकदाही जिंकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो आखाड्यात उभा होता. लंगोट इतका कडक झाला होता की बसता येईना. आखाड्यात दहा-बारा हमाल होते, सगळे त्याला ओळखणारे, आणि त्याला त्या अवतारात बघून सगळ्यांनी एकदम आपापल्या कामात डोकं घातलं. हे त्यांचं मोठेपण त्याला नंतर कळलं. त्यानं वाकून मातीला हात लावला. माती गार होती, तेला-ताकाचा आंबूस वास येत होता तिला. तो सरळ झाला आणि म्हणाला, ‘उस्ताद.’ शब्द सहज बाहेर आला. बिसरामनं मान हलवली, इतकंच. अकरा बैठका झाल्या आणि मनोहरलाल कडुनिंबामागं जाऊन ओकला. परत आला तेव्हा बिसराम दुसऱ्या कुणाचे जोर मोजत होता. न बघताच म्हणाला, ‘उद्या बारा.’ दहा वाजता मालधक्क्यावर तोच ‘जी बाबूजी’ म्हणाला, आणि त्या दोन्हींत काही विसंगत आहे असं त्याच्या चेहऱ्यावर कुठं दिसेना. मनोहरलालला खुर्चीत बसताना मांड्या धरून खाली टेकावं लागलं.

कारणं गेली नाहीत. ती जातील, एकदा सुरुवात झाली की मागं फिरकणार नाहीत, असं त्याला वाटलं होतं, पण ती रोज त्याच्या आधी उठलेली असत. आता तर ती जास्त शहाणी झाली होती. एके दिवशी ती म्हणाली, काल छातीत कळ आली होती, तुला काही झालं तर पोरीचं लग्न सुतकात जाईल. हे इतकं बिनतोड होतं की तो अंथरुणात उठून बसला आणि दोन क्षण खरोखर विचारात पडला. मग त्याच्या लक्षात आलं की विचार करता करता आपण धोतर नेसलोय. तिथून त्याला युक्ती सापडली. त्यांना बोलू द्यायचं. ती बोलत असताना तोंड धुवायचं, ती बोलत असताना दाराची कडी काढायची. बोडीच्या पाळीपर्यंत ती सोबत येत आणि पहिल्या वीस बैठकांत त्यांचा आवाज धापांमध्ये ऐकू येईनासा होई. शरीर मात्र हळूहळू बोलायला लागलं. आधी नुसतं दुखणं होतं ते. मग एका सकाळी पाठीत, खांद्यांच्या दोन फऱ्यांच्या मधे, आजवर कधी न जाणवलेली एक जागा आहे असं त्याला कळलं, आणि ती जागा आपलीच आहे याचा त्याला कोण आनंद झाला. एकोणचाळीस वर्षं घरात राहून एक खोली आता उघडली होती.

खरी अडचण उचलण्याची होती. बिसराम चक्क डोकं खाजवत म्हणाला, ‘पोतं पाठीवर घ्याचं त मी सांगतो. पन पोट्टीले पुढ्यात घ्याचं, थे मले नाही येत. हमाल पुढ्यात कधीच नाही घेत.’ मग दोघांनी मिळून ते शोधलं. पोत्यात आधी अर्धा मण कोंडा आणि रेती भरली, मग रोज दोन दोन शेर वाढवली. उस्ताद सांगे, कमरेतून नोका वाका, गुडघ्यातून बसा; मालबाबू सांगे, वजन मधे गोळा होऊन राहिलं, डावा हात खाली पाहिजे. वजनाबद्दल सतरा वर्षांत जे कागदावर होतं ते आता त्याच्या मनगटांत, खांद्यांत, टाचांत येऊन बसत होतं. एक मण म्हणजे काय हे तो पहिल्यांदाच शिकत होता. हमाल फळीवरून चालताना बोलत का नाहीत, हेही त्याला कळलं, आणि मालधक्क्यावर त्यानं फळीवरच्या माणसाला हाक मारणं बंद केलं.

चैत्रात तो पुन्हा कुडव्याला गेला. तुलसाला अंगणात बोलावून म्हणाला, ‘एक पोतं घे, त्यात दीड मण धान भर. तूच भर, तूच तोल.’ तिला कळेना, पण तिनं भरलं. धनवंताबाई दारात आली, झामसिंगही गोठ्यातून बाहेर आला. मनोहरलालनं कोट काढून खुंटीला लावला, खाली बसला, पोतं पुढ्यात घेतलं आणि उठला. अंगणाला तीन फेऱ्या. पहिलीत काही नाही. दुसरीत हात थरथरू लागले, तिसरीत डोळ्यांपुढं पिवळं दिसायला लागलं आणि त्यानं ओठ इतके दाबून धरले की पांढरे पडले. पण पोतं त्यानं टाकलं नाही, ठेवलं. त्याला बोलायचं होतं, वाटेत जुळवून आणलं होतं सगळं, पण दम पुरेना. ‘दीड मण,’ एवढंच तो म्हणाला. ‘तू काई दीड मण नाहीस.’

तुलसानं पोत्याकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं. ‘मामाजी, घाम पुसा,’ ती म्हणाली आणि आत गेली. जेवताना ती त्यांच्यासोबत बसली. तिनं भात घेतला, वरण घेतलं. मनोहरलाल ताटात डोकं घालून जेवत होता, झामसिंग यंदाच्या धानाचं काहीतरी सांगत होता, आणि मनोहरलाल हो हो म्हणत होता. तुलसानं दुसऱ्यांदा भात घेतला. धनवंताबाईच्या हातातला पळा जरासा थांबला. तुलसानं पुन्हा ताट पुढं केलं तेव्हा मनोहरलालला ठसका लागला आणि पाणी प्यावं लागलं, म्हणून बरं झालं, डोळ्यांत पाणी कशानं आलं ते कुणाला सांगावं लागलं नाही.

अक्षयतृतीयेला ऊन असं होतं की मांडवावर घातलेल्या जांभळीच्या फांद्या सकाळीच मलूल झाल्या. माणसं दाटीनं बसली होती. टेकचंद होता, पहिल्या ओळीत, आणि त्याच्या तोंडावर उत्सुकता होती, वाईट नव्हे, सोबती शोधणाऱ्या माणसाची. बिसरामही आला होता, धुतलेला सदरा घालून, कडेला उभा. मनोहरलाल घराच्या दारात गेला, गुडघ्यातून बसला. आपण किती उचलू शकतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं, मनात धाकधूक नव्हती. तुलसा पुढं आली, त्यानं हात घातले आणि उठला.

आणि उठताक्षणी त्याला कळलं की दीड महिना आपण भलत्याच गोष्टीची तयारी केली. पोतं गळ्यात हात टाकत नाही. पोत्याचं काळीज धडधडत नाही. तुलसानं भेदरून त्याची मान धरली होती, तिच्या हळदीचा वास त्याच्या नाकात होता, तिचा श्वास त्याच्या गळ्यावर येत होता, गरम, तुटक, रडू दाबल्यासारखा. तो चालू लागला. मांडवात आला. पहिला फेरा. कुठं हसू फुटतंय का म्हणून कान टवकारलेले होते, पण सगळे गप्प होते, वाजंत्रीवाले तेवढे वाजवत होते. दुसरा फेरा. हातांना ओझं जाणवत होतं, पायही जाणवत होते, सगळं ठीक चाललं होतं, बिसरामनं शिकवल्याप्रमाणं श्वास नाकानं जात होता, नाकानं येत होता. मनात तो आवाज कधीचा बोलायला हवा होता, इतके मण, इतके शेर. तो बोललाच नाही. मनोहरलालनं मुद्दाम विचारून पाहिलं. आकडा येईना. आत नुसतं भरून आलं होतं, आणि ते कुठल्या काट्यावर घालायचं हे सतरा वर्षं नोकरी झालेल्या माणसालाही ठाऊक नव्हतं. धनवंताबाई तोंडात पदर धरून उभी होती, तिच्यासमोरून तो गेला. तिसरा फेरा पुरा होत आला. पुढं पाट मांडला होता, पलीकडं अंतरपाटामागं कुणाचा तरी मुलगा उभा होता, चांगला असेल, सगळे चांगलाच म्हणत होते. उद्या सकाळी तिला घेऊन बैलगाडी निघेल.

‘ठेवा बाबूजी,’ भटजी म्हणाले.

पाट जरा तिरपा आहे, मनोहरलालला वाटलं. तिरप्या पाटावर पोरीला कसं ठेवायचं? ऊनही नेमकं तिथंच पडतंय, फांद्यांमधून, सरळ तोंडावर येईल तिच्या. अंतरपाट धरणाऱ्यांचं लक्ष नाही. वाजंत्रीवाल्यांनी अजून थांबवलेलं नाही. सगळी कारणं खरी होती. पहाटेच्या अंथरुणातली ती जुनी मंडळी सगळी इथं येऊन पोचली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला त्यांच्यावर मनापासून प्रेम आलं. त्याच्या गुडघ्यांना कंप सुटला होता, सदरा पाठीला चिकटला होता. पाटाजवळून तो थोडा बाजूला झाला आणि वळला.

भटजींनी पोथीतून मान वर केली. बायकांत कुजबुज झाली.

‘मामाजी,’ तुलसा त्याच्या कानाशी म्हणाली, ‘तीन झाले.’

‘दोनच झाले,’ मनोहरलाल म्हणाला आणि खांबाभोवती चालू लागला.